गैरहजरांचे गाव

नगररचनेचा व्यवसाय करणाऱ्या मनुष्याची लोकसंख्येच्या आकड्यावर जी अढळ श्रद्धा असते, ती बीड जिल्ह्यात काही वर्षे काढल्यानंतर पूर्वीसारखी राहत नाही. विकास योजनेचा सारा डोलारा त्या एका आकड्यावर उभा असतो. आज गावात माणसे किती, वीस वर्षांनी किती होतील, त्यांना पाणी किती लागेल, शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मंडईसाठी आणि स्मशानासाठी जमीन किती राखून ठेवावी लागेल, हे त्रैराशिक एकदा मांडले की पुढचे काम मोजपट्टीचे आणि रंगांचे. परंतु ज्या जिल्ह्यातील लाखो माणसे दसरा-दिवाळी होताच बिऱ्हाड गाडीत घालून ऊस तोडण्यासाठी परमुलखात जातात आणि चैत्र-वैशाखात परततात, तेथे ‘गावात माणसे किती’ या प्रश्नाला ‘कोणत्या महिन्यात?’ हाच प्रामाणिक प्रतिप्रश्न आहे, आणि तो नोंदविण्याची सोय आमच्या कोणत्याही तक्त्यात नव्हती.

शिरगणतीची कथा याहून निराळी नाही. २०११ सालची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या मुदतीत झाली. १ मार्च हा तिचा संदर्भदिन. फेब्रुवारी म्हणजे गळिताच्या हंगामाचा ऐन भर. त्या मुदतीत जो मनुष्य आपल्या घरी एकदाही आढळला नाही, त्याची नोंद तो जेथे असेल तेथे व्हावी, असा गणनेचा दंडक आहे. म्हणजे बीड जिल्ह्याची म्हणून २५,८५,०४९ ही जी संख्या आम्ही प्रमाण मानली, तिच्यात कोयत्यावर गेलेले घर धरलेलेच नाही. ते कोल्हापूर-सांगलीकडील एखाद्या फडाशेजारी, पाचटाच्या खोपीत मोजले गेले असेल तर गेले असेल. आणि त्याच संख्येच्या आधारावर आम्ही त्याच घरासाठी नळाची तोटी मंजूर करावयाची!

मी नगररचना खात्यात एका कनिष्ठ जागेवर रुजू होऊन बीडास आलो, तेव्हा १९७२ च्या दुष्काळाची भाषा लोकांच्या तोंडी अजून ताजी होती. कोणाचे वय विचारले तर ‘सुकडीच्या साली दहा वर्सांचा व्हतो’ असे उत्तर मिळे (सुकडी म्हणजे त्या दुष्काळात वाटलेले कोरडे खाद्य), आणि एखादा रस्ता कोणी बांधला असे विचारले तर ‘दुष्काळात आमीच खडी फोडली’ असे. या जिल्ह्याचा भूगोल समजून घेतल्याखेरीज त्याचे अर्थशास्त्र कळत नाही. बालाघाटाची रांग जिल्ह्याला आडवी गेलेली आहे. तिच्या उत्तरेस गोदावरी-सिंदफणेच्या काठची काळी, कसदार गंगाथडी, आणि रांगेच्या माथ्यावर उथळ मुरमाड जमीन, जिच्यात बाजरी आली तर आली. माजलगावचे धरण झाल्यावर थडीच्या पट्ट्यात पाट आले, पाटाबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर जिल्ह्यातही साखर कारखाने उभे राहिले. परंतु पाटोदा, धारूर, शिरूर कासार यांकडील वाड्या-वस्त्या-तांड्यांवरची माणसे पूर्वीप्रमाणेच पश्चिमेची वाट धरीत राहिली, कारण पाणी घाट चढून त्यांच्याकडे आलेच नाही.

बीड शहर स्वतः फार जुने, आणि जुन्या शहराचा एक गुण त्याच्यात आहे की त्याची रचना कोणी तरी विचारपूर्वक केली आहे हे चालता चालता जाणवते. कोतवाली वेस, राजुरी वेस, कारंजा ही नावे अजून तोंडी आहेत. गावाच्या दक्षिणेस काही अंतरावर जी खजाना विहीर आहे, ती मुर्तुजा निजामशहाच्या अमदानीत, १५८२ च्या सुमारास, येथील जहागीरदार सलाबतखान याने बांधविली, आणि तिचा रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव घेतले जाते. भुयारी नहरांनी विहिरीत पाणी आणावयाचे आणि तसेच भुयारी नहराने, मोट न लावता, उताराच्या अनुरोधाने ते शेतांत सोडावयाचे, ही तिची योजना. भर उन्हाळ्यातही तिला पाणी असते अशी तिची ख्याती आहे. मी त्या विहिरीपाशी अनेकदा थांबलो. चार शतकांपूर्वीच्या त्या माणसांजवळ लोकसंख्येचा अंदाज नव्हता, आरक्षणाचे कलम नव्हते. पाणी कोठून येते आणि कोठवर आपोआप जाऊ शकते एवढेच त्यांनी पाहिले आणि तेवढ्यावर एक शिवार बागाईत केले. (याच बीडच्या परिसरात महंमद तुघलकाचा दात पडला आणि बादशहाने त्या दातासाठी कबर बांधविली, हेही येथे सांगून ठेवतो, राजधानी उचलून देवगिरीस आणणाऱ्या त्या पुरुषास आमच्या व्यवसायाचा आद्य आणि सर्वांत धाडसी प्रतिनिधी म्हणावयास हरकत नसावी.)

कामाचा पहिला भाग दप्तराचा असे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली. त्यामुळे जुने कागद उर्दूत, तारखा फसली सनाच्या, आणि इनामी जमिनींच्या मुंतखबांतील शिकस्ता अक्षर असे की आम्हां मराठी-इंग्रजी शिकलेल्यांना त्यात एक नुक्ताही सापडू नये. तहसिलीतून निवृत्त झालेले एक वृद्ध कारकून, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणत असू, ते आठवड्यातून एक-दोन दिवस येऊन कागद वाचून देत. त्यांची वाचण्याची रीत अशी की आधी ते सबंध कागद मनात वाचीत, चष्मा पुसत, आणि मग ‘इसमें झगडा है’ किंवा ‘यह साफ है’ एवढाच निकाल प्रथम देत, तपशील नंतर. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, जे मराठवाड्यात जमिनीच्या हक्काचा मूळ आधार मानले जाते, ते हाती घेऊन आम्ही कागदावरचे गाव आणि जमिनीवरचे गाव यांची सांगड घालीत असू. कागदावर जेथे जिरायत शेत, तेथे प्रत्यक्षात दोनशे घरे उभी असत. शेतमालकाने गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे मुद्रांकावर लिहून दिलेले; खरेदीखत नाही, अकृषिक परवानगी नाही, सात-बाराला नाव मूळ मालकाचेच. अशा वस्तीत राहणारे बहुतेक लोक हंगामी. उसाच्या पैशातून त्यांनी घाटावरच्या गावाहून शहराच्या कडेला एक पाऊल टाकलेले असे, मुलाला शाळेत घालता यावे म्हणून.

विद्यमान जमीन-वापराचे सर्वेक्षण हे आमच्या कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत शिकविणारे काम. घराघरापुढून जावयाचे, वापर पाहावयाचा, रंग भरावयाचा. निवासी तो पिवळा, व्यापारी तो निळा. पौष-माघात त्या कडेच्या वस्त्यांतून फिरताना ओळीने दारांना कुलपे दिसत, काही दारांपुढे बाभळीच्या काट्यांची फांदी आडवी टाकलेली. एखाद्या ओट्यावर म्हातारी बसलेली, तिच्याभोवती तीन-चार निरनिराळ्या घरांची नातवंडे. मी विचारी, “मावशी, ही घरं रिकामी का?” ती म्हणे, “रिकामी कशानं? मान्सं उसाला गेली.” आमच्या नकाशात ती सारी घरे पिवळीच रंगत, आणि ते नियमाला धरूनच होते, परंतु त्याच वस्तीत वैशाखात पुन्हा पाऊल टाकले म्हणजे जागेचा वापर पालटलेला दिसे. जेथे माघात निर्जन बोळ होता तेथे बैल बांधलेले, टायरच्या गाड्या लावलेल्या, मांडव पडलेले, टँकरपुढे घागरींची रांग, आणि एका हापशावर शेकडो माणसांचा भार. पाण्याचा तुटवडा भर उन्हाळ्यात आणि माणसांची गर्दीही भर उन्हाळ्यातच, हा योग अन्यत्र क्वचितच जुळत असेल. दरडोई इतके लिटर म्हणून वर्षाची सरासरी काढणाऱ्या गणितात ही गोष्ट शोषली जाते.

व्यापाऱ्यांना मात्र ती पक्की ठाऊक होती. मला बीडची अर्थव्यवस्था समजावून सांगितली ती कोणत्या अहवालाने नव्हे; मोंढ्यातल्या आणि कापडपेठेतल्या दुकानदारांनी, त्यांच्या वह्या पुढे ठेवून. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. हंगामाआधी तोडणीची टोळी जमविणारा मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, आणि ती उचल फेडण्यापुरते काम पुढचे पाच-सहा महिने करावयाचे असते. या उचलीचे पैसे भाद्रपद-आश्विनात गावात उतरतात. त्यांतून आधीचे देणे फिटते, कोणाचे आजारपण निभावते, कोणाच्या लेकीचे लग्न ठरते, आणि जे उरते त्यातून ताडपत्री, घोंगडी, चपला, जर्मनची भांडी, पोत्याने बाजरी, गाडीची आख, बैलांच्या झुली. लोहाराच्या भट्टीवर त्या दिवसांत कोयत्यांना धार लावून घेणाऱ्यांची दाटी होते. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैलजोडीचा भाव चढतो. मग कार्तिकात सारे सुने; दुकानदार म्हणत, “आता पट्टा पडेपर्यंत मंदी.” पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप आटोपले, की चैत्रात दुसरी भरती येते, ती लग्नसराईची: कापड, मांडव, वाजंत्री, भांडी, थोडे सोने. एका वृद्ध कापडदुकानदाराने मला सांगितले होते की आपल्या दुकानाचे भाडे कोल्हापूरचा ऊस देतो. मी त्याला विचारले, मग शहराच्या विकासासाठी काय करावे? तो हसून म्हणाला, “साहेब, ते तुम्ही ठरवा. मी फक्त तिथीप्रमाणे माल भरतो.”

या वाक्याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. आमच्या शास्त्रात बाजार म्हणजे एक क्षेत्रफळ असते. इतक्या लोकसंख्येस इतके गाळे. बीडमधला बाजार हा पंचांगाप्रमाणे फुगतो आणि ओसरतो. वर्षातून दोनदा त्याला आजच्या तिप्पट जागा हवी, आणि उरलेल्या काळात निम्मी पुरे. पक्के गाळे बांधले तर ते वर्षाचे सात-आठ महिने भाडे अंगावर घेऊन बसतात; म्हणून गाळे लिलावात जातात ते बारमाही धंदा करणाऱ्याकडे, आणि हंगामी विक्रेता, म्हणजे ज्याच्यासाठी जागा राखली तोच, रस्त्यावर राहतो. मोकळे पटांगण, सावलीची झाडे, पाण्याचा नळ, रात्री दिवा आणि दिवसाची अल्प पावती, एवढ्याने जे भागले असते त्यासाठी काँक्रीटचा आराखडा मंजूर होतो, कारण पटांगणाचे उद्घाटन कोणी करीत नाही.

हंगामाचा विसर पडला म्हणजे न्यायदेखील कसा गैरहजर राहतो, याचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. गावाचे नाव मी मुद्दामच घेत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप योजना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते, आणि ठरलेल्या मुदतीत लोकांनी आपल्या हरकती व सूचना द्यावयाच्या असतात. ही मुदत त्या गावी मार्गशीर्षात पडली. नोटीस रीतसर होती, नकाशा रीतसर लावला होता, सुनावणीही रीतसर झाली. व्यापारी आले, डॉक्टर आले, ज्यांच्या भूखंडावरून रस्ता जात होता ते वकील घेऊन आले, आणि रस्ता जरासा वाकलाही. कडेच्या ज्या वस्तीवर क्रीडांगणाचे आरक्षण पडले होते, तेथून एकही अर्ज आला नाही. चैत्रात ती माणसे परतली आणि आठ-दहा जण कचेरीत आले. त्यांतला एक वयस्क मुकादम होता. तो रागावलेला नव्हता, त्याला फक्त वस्तुस्थिती नोंदवावयाची होती. “साहेब,” तो म्हणाला, “तुमी कागद लावला तवा आमी फडात व्हतो.” मुदत संपल्यावर आलेल्या अर्जाचे काय करावयाचे हे नियमात स्पष्ट असते, अर्ज दाखल करून घेतला गेला आणि दप्तरी ठेवला गेला.

पुढची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. क्रीडांगणासाठी जमीन संपादन करण्यास पैसा नव्हता, आणि पैसा नाही म्हणून जमीन घेतली गेली नाही. दहा वर्षे उलटली म्हणजे अधिनियमाच्या १२७ व्या कलमाखाली जमीनमालकास नोटीस देऊन आरक्षण व्यपगत करून घेता येते. पण हा हक्क मालकाचा. आणि सात-बारावर मालक तोच, ज्याने तुकडे विकून पैसे पदरात पाडले होते. दहा वर्षे त्या वस्तीला बांधकामाची परवानगी मिळाली नाही, नळ मिळाला नाही, बँकेचे कर्ज मिळाले नाही. आणि आरक्षण उठले तेव्हा जमिनीचा वाढलेला भाव मागावयास मूळ मालक दारात उभा राहिला. कायद्यातील प्रत्येक कलम सद्हेतूने लिहिलेले होते, आणि प्रत्येकाचे पालन झाले होते.

१९८९ च्या जुलैत बिंदुसरेला जो पूर आला, त्यानंतरही मला याच स्वरूपाचा अनुभव आला. एरवी गुडघाभर पाण्यास महाग असलेली ती नदी एका रात्रीत गावात शिरली. माणसे गेली, घरे गेली. पुढे पूररेषांची चर्चा झाली. निळी रेषा, लाल रेषा, आणि नदीकाठच्यांनी उंचावर जावे हा सल्ला. सल्ला निर्विवाद बरोबर होता. तरीही काही महिन्यांत काठावर पुन्हा पत्रे उभे राहिले. एका हमालाने मला हिशेब करून दाखविला: मोंढ्यात पहाटे गाडी लागते, त्या वेळी जो हजर त्याला काम, उंचावरच्या जागेतून यावयास रिक्षाचे भाडे, आणि बायकोची चार घरची धुणी-भांडी सुटणार. पूर वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येतो, भूक रोज. त्याच्या गणितात चूक काढण्यासारखे मला काही सापडले नाही. घर हलवावयाचे तर त्याच्या मजुरीची जागाही हलली पाहिजे, निदान दोहोंच्या मधले अंतर सरकारने सोसले पाहिजे. परंतु घर एका खात्याकडे, मोंढा दुसऱ्याकडे, आणि गाडीभाडे कोणाकडेच नाही.

मराठवाड्याच्या अनुशेषाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली राज्याचा जो अनुशेष मांडला, तो सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा, आणि त्यांपैकी मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटींचा. त्या अहवालाविषयी मला आदर आहे. मागासलेपणाला रकमेत मोजण्याचे धैर्य त्यात होते. मात्र रस्ते, सिंचन, वीजपंप, खाटा, शाळा यांची उणीव मोजणाऱ्या त्या तराजूत दुसरे पारडे कधीच बसविले गेले नाही: बालाघाटाच्या माणसांनी दर हंगामात पश्चिमेकडील साखरेला जे श्रम दिले, त्यांचे मोल. ते धरले असते तर देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हा हिशेब निराळा निघाला असता, असे माझे मत आहे, आणि ते अनेक बैठकांत बोलून दाखविल्यामुळे मी काहीसा विक्षिप्त ठरलो होतो.

उपाय म्हणून औद्योगिक वसाहतींचे भूखंड आखले गेले. त्यांतील किती ओस पडले याची चर्चा मी येथे करीत नाही. घाटावर आपोआप उगवणाऱ्या एका वस्तूकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले, ते सीताफळ. पाणी नको, खत नको, जनावर तोंड लावीत नाही, कातळात रुजते. धारूरच्या डोंगरातील सीताफळाची गोडी आता सर्वमान्य आहे, अंबाजोगाईस त्याचे संशोधन केंद्र आहे, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण फळ झाडावरून उतरले की दोन-तीन दिवसांत मऊ पडते, आणि ते उतरते नेमके आश्विनात, ज्या दिवसांत टोळ्या निघावयाच्या असतात. बायका पाट्या भरून रस्त्याच्या कडेला बसतात आणि संध्याकाळी उरलेली पाटी मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. गर काढून गोठविण्याची सोय घाटाच्या पायथ्याशी, वाडीपासून अर्ध्या दिवसाच्या आत हवी. शहराबाहेरच्या मोठ्या भूखंडावर नको. काही महिला बचत गटांनी हे काम लहान प्रमाणावर केले, तेव्हा त्यांच्यातल्या एकीने मला सांगितले की त्या वर्षी त्यांच्या वस्तीतून चार कोयते कमी गेले. माझ्या लेखी नियोजनाच्या यशाचे माप तेच: किती कोयते गेले नाहीत.

आता रेल्वे आली आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा मार्ग १९९५ पासून लोकांच्या बोलण्यात होता. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली. स्थानकाकडील जमिनींचे भाव गाडीच्या आधीच पोहोचले होते. खात्यात नव्याने लागलेला एक तरुण माझ्याकडे अधूनमधून येतो. हुशार आहे, उपग्रहचित्रांवर आणि ड्रोनच्या छायाचित्रांवर काम करतो. त्याने मला परवा दाखविलेले चित्र जानेवारीतले होते, छप्पर न् छप्पर मोजता येईल इतके स्पष्ट. मी त्याला म्हटले, हेच चित्र मे महिन्यात पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी लावा. आणि हरकतींची नोटीस काढाल ती अक्षय्य तृतीयेनंतर, पेरणीच्या आधी काढा. तो म्हणाला, मुदत वरून ठरते. मग मी सुचविले की राजपत्र आणि वृत्तपत्र यांखेरीज आणखी कोठे नोटीस लावू नये असे कलम नाही. ती कारखान्यांच्या गव्हाणीपाशी आणि टोळ्यांच्या अड्ड्यांवर लावावी. कोणत्या वस्तीची टोळी कोणत्या कारखान्यावर गेली हे कसे कळणार, असे त्याने विचारले. ते मुकादमाच्या वहीत असते, मी सांगितले: गाव, वस्ती, कोयता, उचल, कारखाना, सारे एका ओळीत. जिल्ह्यात इतकी चोख नोंद दुसरी नाही, आणि ती कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. त्याने कोणत्या तालुक्यापासून सुरुवात करावी असे विचारले, आणि मी त्याला शिरूर कासारचे दोन मुकादम सांगितले, जे पोळ्यापर्यंत घरी सापडतात.